सेवकाची परीक्षा कोणी घ्यायची?

पुढाऱ्याचा वाढदिवस जवळ आला की चौकातल्या फ्लेक्सवर 'आपला सेवक' अवतरतो. दोन ऑक्टोबरला तोच सेवक हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरतो. तिथे आदल्या रात्री पालापाचोळा कोणी आणून टाकला होता, याची चौकशी करू नये. या सगळ्याला ढोंग म्हणून हसणे सोपे आहे. पण हसून झाल्यावर आपल्यातला शहाणासुरता माणूस एक वाक्य हमखास बोलतो, आणि मला तपासायचे आहे ते त्याचे वाक्य. तो म्हणतो, 'हा सेवक खोटा आहे हो. मनापासून सेवा करणारा असता तर नेताही चांगला झाला असता.' म्हणजे ढोंगाचे माप त्याच्या पदरात घातले, पण मूळ समजूत शाबूत राहिली. सेवावृत्ती खरी असली की नेतृत्व चांगले होणारच, ही ती समजूत.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, म्हणून त्याचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडतो. त्याच्या मते नेत्याची कसोटी तीन ठिकाणी लागते. त्याचे अंतःकरण निर्मळ हवे, हलके मानलेले काम त्याने स्वतःच्या हाताने करायला हवे, आणि मोबदल्याची अपेक्षा ठेवता कामा नये. गाडगेबाबांचा खराटा, बाबा आमट्यांचे आनंदवन, महात्मा गांधींचे पायखाने साफ करणे ही उदाहरणे त्याच्या जिभेवर असतात. आणि अलीकडे त्याला साहेबी आधारही मिळाला आहे. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत हयात घालवलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली 'द सर्व्हंट अॅज लीडर' हा निबंध लिहिला. हेरमान हेसेच्या एका कादंबरीत प्रवाशांची ओझी वाहणारा लिओ नावाचा नोकर आहे. तो निघून जातो आणि सगळा तांडा विस्कटतो. पुढे कळते की तो नोकरच त्या पंथाचा प्रमुख होता. ग्रीनलीफना कल्पना सुचली ती या लिओवरून. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत साहेब लोकांना एका दिवसाच्या कार्यशाळेत हा लिओ चहा-बिस्किटांबरोबर वाढला जातो.

वाढताना एक गोष्ट मात्र ताटाबाहेर राहते. ग्रीनलीफनी सेवकाच्या मनाची परीक्षा सांगितलीच नव्हती. त्यांनी सांगितलेली परीक्षा सेवा घेणाऱ्यांची आहे. ती माणसे अधिक स्वतंत्र, अधिक शहाणी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी झाली का? समाजातल्या सर्वांत तळच्या माणसाचे त्यातून भले झाले, की निदान आणखी वाईट तरी झाले नाही? हा प्रश्न विचारला की नेत्याच्या डोळ्यांतले पाणी पुराव्यातून बाद होते. कार्यशाळेत हा भाग गाळला जातो याचे मला नवल वाटत नाही. तो ठेवला तर दुपारच्या सत्रात साहेबांच्या हाताखालच्या माणसांनाही बोलवावे लागेल.

आपल्याकडे या समजुतीचा समाचार ग्रीनलीफच्याही आधी, आणि फार नेमक्या ठिकाणी घेतला गेला होता. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये बोलले. 'रानडे, गांधी आणि जिना' या नावाने ते भाषण प्रसिद्ध आहे. थोर माणूस कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्यांनी तिथे घेतला. कार्लाइलने सचोटीला, प्रामाणिक तळमळीला थोरवीचा पाया मानले होते. आंबेडकरांनी ती अट मान्य केली आणि लगेच पुरेशी नाही म्हणून सांगितले. तळमळीला बुद्धीची जोड हवी, आणि एवढ्यानेही भागत नाही. थोर माणसामागे सामाजिक हेतूची प्रेरणा हवी, त्याने समाजाचा आसूडही व्हावे आणि समाजाची घाण काढणाराही व्हावे, असा त्यांचा निकष होता. इथेही घाण काढणे आहेच, पण ती रस्त्यावरची नव्हे. ज्या समाजाने एका जातीच्या माथी मैल्याची पाटी मारली, त्या समाजात पाटी दोन तास स्वतः उचलणे ही एक गोष्ट आणि पाटीची सक्ती मोडणे ही दुसरी. पहिली फोटोत मावते.

'पण गांधींनी पायखाने साफ केले त्याचे काय?' असे पूर्वपक्ष विचारील. अवश्य विचारावे, गांधींनी स्वतःच त्याचे उत्तर आत्मकथेत लिहून ठेवले आहे. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रतिनिधींच्या उताऱ्यावर पायखान्यांची अवस्था भयंकर होती. स्वयंसेवकांना सांगितले तर ते म्हणाले, हे भंग्याचे काम. गांधींनी झाडू मागून घेतला आणि एक पायखाना साफ केला. पुढे काय झाले? काहीही नाही. गर्दी इतकी आणि पायखाने इतके थोडे की सारखे साफ करत राहावे लागले असते. तेव्हा स्वतःपुरते साफ करून थांबावे लागले, आणि इतरांना त्या दुर्गंधीचे फारसे काही वाटत नव्हते, असे ते लिहितात. सेवाभाव शंभर टक्के, स्वतःचे हात, मोबदल्याची अपेक्षा शून्य. पूर्वपक्षाच्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. आणि त्या दिवशी तिथे नेतृत्व घडले नाही.

ते घडले सोळा वर्षांनी, चंपारणात. आपल्याकडे चंपारण म्हटले की कोर्टात ताठ उभा राहिलेला माणूस आठवतो. मला तिथले कागद जास्त महत्त्वाचे वाटतात. बिहारच्या त्या जिल्ह्यात निळीच्या मळेवाल्यांची तीनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायची, ती मळेवाल्यासाठी, आणि नकार द्यायची सोय नाही. कृत्रिम रंग आल्यावर निळीचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी वाढीव खंड आणि भरपाई अशा नावांखाली तो तोटाही रयतेच्या अंगावर ढकलला. १९१७ च्या एप्रिलात गांधी तिथे पोचले ते व्याख्यान द्यायला नव्हे. त्यांनी रयतेच्या जबान्या लिहून घ्यायला बसवले ब्रजकिशोर प्रसाद आणि राजेंद्र प्रसाद यांच्यासारख्या नामांकित वकिलांना. (हे वकील आपापला नोकर आणि आपापला आचारी घेऊन आले होते. गांधींनी हळूहळू एकच स्वयंपाकघर करायला लावले, पण ते राहू द्या.) जबानी घेण्याचे नियम कडक होते. प्रत्येक कुळाची उलटतपासणी करायची, आणि ज्याचे म्हणणे तिच्यात टिकणार नाही त्याची जबानी घ्यायचीच नाही. खोलीत गुप्त पोलीस खात्याचा माणूस बसलेला असायचा. त्याला हाकलले नाही, उलट त्याच्यासमोरच लिहून घेतले.

केवळ सेवाभावाच्या मापाने पाहिले तर हा प्रकार जरा निष्ठुरच वाटेल. पायपीट करून आलेला, मळेवाल्याच्या माणसांचा मार खाल्लेला शेतकरी समोर बसला आहे, आणि तुम्ही त्याला वकिली प्रश्न विचारता? पण त्या प्रश्नांनीच त्याचे गाऱ्हाणे पुरावा झाले. सरकारने चौकशी समिती नेमली, गांधींना तिच्यावर घेतले, मळेवाल्यांनी उकळलेल्या पैशांपैकी २५ टक्के परत देण्याचे ठरले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. पंचवीसच टक्के का, अशी टीका तेव्हाही झाली. पण ज्या मळेवाल्याने कधी पै परत केली नव्हती त्याला रयतेच्या हातावर पैसा ठेवावा लागला.

त्याच चंपारणात आपल्या पूर्वपक्षाला आवडेल अशी सेवाही चालू होती, आणि तिच्यात मराठी माणसे बरीच होती. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. बेळगावकडून गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक यांना धाडले. भारत सेवक समाजाचे डॉ. देव औषधपाणी बघायला होते. गावोगावच्या शाळांत औषधे तीनच ठेवलेली: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी दिसली किंवा पोट साफ नसले की एरंडेल, ताप असला तर आधी एरंडेल देऊन मग क्विनीन, खरूज-गळवांना धुऊन मलम. औषध घरी न्यायला द्यायचे नाही. रस्ते झाडले, विहिरी उपसल्या. तिथे कस्तुरबांना गांधींनी एका गावातल्या बायकांना विचारायला सांगितले की लुगडी धुवत का नाहीत. एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखवले की दुसरे लुगडेच नाही. अंगावरचे धुवायला काढले तर नेसायचे काय?

सेवेच्या साऱ्या व्याख्यानांना त्या बाईचे उत्तर भारी पडते. स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्याचे मन कितीही निर्मळ असो, बाईला हवे होते दुसरे लुगडे, आणि दुसरे लुगडे अडले होते खंडात. म्हणून जबान्या आणि एरंडेल ही एकाच माणसाची दोन कामे असली तरी तोलाने सारखी नव्हेत. स्वयंसेवक ठरावीक मुदतीसाठी आले होते. ते गेल्यावर शाळा-दवाखान्यांचे काम कायमचे रुजले नाही, अशी खंत गांधींनीच नोंदवली आहे. तीनकठिया मात्र परत आली नाही.

जबान्या इतक्या काटेकोर का, याचे उत्तर शोधायला गांधी ज्यांना राजकीय गुरू मानत त्या गोखल्यांकडे जावे लागते. इथे माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तर्क दूरचा नाही. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी प्लेग अधिकारी रँडचे गोरे सोजीर घरात घुसत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे सांगितले. विलायतेत खळबळ उडाली. पण परतल्यावर पुरावा मागायला गेले तर पत्रे लिहिणारे नावानिशी पुढे यायला तयार नव्हते; मधल्या काळात रँडचा खून होऊन पुण्यावर दहशत बसली होती. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीने त्यांना भित्रा ठरवले आणि पुणेकरांनी ते पुष्कळ वर्षे विसरू दिले नाही. आजही नेमस्त म्हणजे मिळमिळीत, हे समीकरण आपल्या तोंडी असते ते बऱ्याच अंशी त्या माफीमुळे.

माझे मत उलटे आहे. लोकांसाठी बोलणाऱ्याने लोकांच्या नावावर असिद्ध गोष्ट खपवू नये, एवढी साधी जबाबदारी त्या माफीत होती. तळमळीचा त्यात तुटवडा नव्हता. तळमळीनेच तर घात केला होता. गोखल्यांनी त्यातून जी शिस्त काढली ती १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजात दिसते. नावात 'सेवक' आहे, आणि सदस्याने स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही अशी शपथही आहे, म्हणजे त्याग आहेच. पण त्यागावर प्रवेश संपत नव्हता, सुरू होत होता. पुढे पाच वर्षांची उमेदवारी: सरकारी अहवाल, जमाखर्च, शेतसारा, इतिहास, अर्थशास्त्र यांचा अभ्यास आणि देशभर फिरून पाहणे. सेवा करायला माणूस शिकावा लागतो, हे त्यांनी संस्थेच्या घटनेतच घातले. १९१५ साली आफ्रिकेहून परतलेल्या गांधींनाही त्यांनी वर्षभर देश बघा आणि तोवर बोलू नका, असे सांगितले. आज एखाद्या नव्या आमदाराला वर्षभर गप्प बसायला सांगून बघा.

या उमेदवारीतून तयार झालेली माणसे बघितली की तिची किंमत कळते. गो. कृ. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचे सेवासदन उभे केले, ना. म. जोशींनी मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीग आणि पुढे कामगार संघटना उभारल्या. मुंबई नगरपालिकेतली इंजिनियरची नोकरी सोडून आलेले ठक्करबाप्पा भिल्लांत गेले. गोखल्यांची स्वतःची सेवा तर आकड्यांत होती. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी सांगितले की सरकारच्या तिजोरीतली शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नव्हे, रयतेवर जादा कर बसल्याचे लक्षण आहे. दुसऱ्या वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोनवर आला, आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. हे एकट्या गोखल्यांचे श्रेय नव्हे. पण मिठाचा दर उतरल्यावर कोकणातल्या ज्या मोलकरणीने चिमूटभर जास्त मीठ आमटीत टाकले तिला या माणसाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ते ठाऊक व्हावे अशी तजवीजही कोणी केली नाही.

इथे दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक राजकारणातला पक्का माणूस घेतो: गोखल्यांमागे लोक नव्हते, लोक टिळकांमागे होते, सेवा वगैरे ठीक, नेता म्हणजे ज्याच्या हाकेला माणसे उठतात तो. या आक्षेपात तथ्य आहे आणि भारत सेवक समाज मूठभर सुशिक्षितांच्या, बहुतांशी ब्राह्मणांच्या पलीकडे फारसा पसरला नाही हेही खरे. पण हाकेला उठणे ही ताकदीची खूण झाली, चांगुलपणाची नव्हे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला तो वाचल्यावर या आक्षेपावर जास्त शाई घालवण्याची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. तो म्हणतो, तुम्ही सेवेतली माया काढून टाकता आहात. ताप चढलेल्या पोराला कायदा नको, कोणाचा तरी हात हवा. १८९७ च्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यातल्या आपल्या दत्तकपुत्राच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि संसर्ग होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्या वेळी अर्ज-जबान्या घेत बसायचे होते का? नाही. पेटलेल्या घरात आधी शिरावे लागते, याबद्दल वाद नाही. पण सावित्रीबाईंना नेतृत्व दिले कशाने, याबद्दल माझा वाद आहे. पाठीवरचे मूल प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेला मुक्ता साळवेचा निबंध तितका दिसत नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेली, चौदा वर्षांची, मांग समाजातली ही मुलगी. तिने महार-मांगांचे दुःख स्वतःच्या भाषेत मांडले आणि आमचा धर्म कोणता, असा सवाल धर्माच्या मालकांना टाकला. तिच्या वतीने कोणी बोलले नाही. ज्याची सेवा केली तोच उभा राहून प्रश्न विचारतो, हा सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या नेतृत्वाचा पुरावा आहे. प्लेगमधला मृत्यू हा त्यांच्या धैर्याचा.

आता आपल्या चौकातल्या सेवकाकडे वळू. तो अगदीच खोटा असतो असे नाही. अनेक पुढारी रात्री दोनला फोन उचलतात, दवाखान्यात बेड मिळवून देतात, शाळाप्रवेशाला चिठ्ठी देतात, मयतीला हजर राहतात. झोप मोडून केलेले हे काम आहे आणि लोक ते मानतात. 'साहेबांनी फोन केला म्हणून बापू वाचला' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. मात्र बापूला बेड मिळाला तेव्हा फोन न करू शकणाऱ्या कोणाचा तरी नंबर मागे गेला, आणि बापूचे घर पुढची पाच वर्षे साहेबांच्या उपकारात राहिले. फोनशिवाय बेड मिळू लागला तर साहेबांचे काय उरेल? म्हणून अशी सेवा मनापासून करणाऱ्यालाही तिची गरज संपू नये असेच वाटत राहते. यात दोष त्याच्या मनाचा नाही. सेवेच्या रचनेचा आहे. २०१४ पासून राज्यात १०८ नंबरवर रुग्णवाहिका येते, कोणाच्या ओळखीशिवाय. पुढाऱ्याने दिलेली रुग्णवाहिका मात्र त्याच्या हसऱ्या फोटोसकटच धावते.

याच महाराष्ट्रात दुसरी वाट काढलेला एक माणूस होऊन गेला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. त्यांनी तासगाव भागात आधी प्रयोग केला आणि मग हट्ट धरला की दुष्काळात सरकारने काढलेले खडी फोडण्याचे काम मेहेरबानी राहू नये, मागणाऱ्याचा हक्क व्हावा. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. पैसा कुठून? बऱ्याच अंशी शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. म्हणजे दान कोणी दिलेच नाही. पगाराच्या स्लिपवर ती कपात आजही दिसते आणि आपण तिच्यावर कुरकुरतो. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याने हीच कल्पना देशभर नेली.

या कायद्याची अंमलबजावणी नीट झाली असे कोणी म्हणणार नाही. हजेरीपटावर भुताची नावे आली, मजुरी महिनोन्‌महिने अडली, भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. पण आधीच्या दुष्काळांत न दिसलेली एक गोष्ट दिसू लागली. काम मागणाऱ्या बाया-माणसांचे मोर्चे तहसील कचेरीवर जाऊ लागले आणि ते भीक मागायला जात नव्हते. मागणीअर्जावर तारीख घालून पोच द्या, असे ते सांगत होते, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. पोच द्यायला कारकून टाळाटाळ करतो ती याचसाठी. तेव्हा कोणाला सेवाच करायची असेल, तर फ्लेक्सच्या खर्चात एक कार्यकर्ता वर्षभर ग्रामपंचायतीत बसवता येईल. अर्ज भरून देईल, पोच घेईल, सोळाव्या दिवशी त्या माणसांबरोबर कचेरीत जाईल. त्यात साहेबांना फोन करावा लागणार नाही, हीच काय ती अडचण.